परीटघडी आणि घरची कचेरी

(संत गाडगे महाराज जयंतीनिमित्त देगलूर येथे भरलेल्या समाजमेळाव्यातील भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी मला भाषणाचे निमंत्रण दिले, त्या वेळी विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. मी काही व्युत्पन्न वक्ता नव्हे. चौतीस वर्षे शाळेत खडू झिजविलेला एक मास्तर आहे. म्हणून विषय सुचविण्याची जबाबदारी मी दोन तरुण सभासदांच्या गळ्यात घातली. त्यांपैकी एकजण म्हणाला, "काका, घरी बसून संगणकावर नोकरी करणाऱ्याने कपड्यांना इस्त्री करावी की करू नये, एवढे एकदाचे सांगून टाका." दोघेही हसले, मीही हसलो. परंतु घरी परतल्यावर हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना. दुसऱ्या कोणत्याही ज्ञातीच्या मेळाव्यात हा प्रश्न थट्टेचा ठरेल. आपल्या मेळाव्यात तो तसा ठरणार नाही. कारण या प्रश्नाच्या एका टोकाला आपली मुले बसलेली आहेत, आणि दुसऱ्या टोकाला आपले टेबल आहे.

आरंभी आपल्या भाषेकडे थोडे पाहू. कपड्यांच्या कडक, नीटस घडीला मराठी माणूस 'परीटघडी' म्हणतो. किती धंद्यांची नावे अशी भाषेत सन्मानाने रुजली असतील, याचा विचार आपणच करावा. कचेरीत लेखणी चालविणाऱ्यास आपली भाषा 'पांढरपेशा' म्हणते. शुभ्र वस्त्र हीच त्याची ओळख. परंतु ते वस्त्र शुभ्र कोणी केले, हे त्या शब्दात कोठेही आलेले नाही. पांढरपेशाचा पांढरेपणा आमच्या आजीच्या भट्टीतून निघत होता. आणि 'इस्त्री' हा शब्द पाहा. तो पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला असे शब्दांचे अभ्यासक सांगतात. म्हणजे तापलेल्या लोखंडाची ही रीत काही आपल्या वाडवडिलांची अनादि रीत नव्हे. त्यापूर्वी कपडा गुळगुळीत करण्याचा मार्ग होता तो कुंदीचा. कपड्याला खळ द्यावयाची, तो अर्धवट ओला असताना घडी घालावयाची आणि लाकडी मोगरीने ठोकून ठोकून त्याच्या सुरकुत्या मोडावयाच्या. आज कोणाला मार बसला की 'चांगली कुंदी निघाली' असे आपण म्हणतो. मूळची कुंदी मात्र कपड्याची.

आमचे आजोबा निजामाच्या अमलातले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि कचेरीत जावयाचे तर शेरवानी पाहिजे असा तो काळ. वर्षभर गावाचे कपडे धुवावेत, खळ्यावर धान्याचे बलुते घ्यावे, लग्नात नवरदेवाच्या पायांखाली पायघड्या घालाव्यात आणि बाळंतिणीचे व सुतकाचे कपडे, ज्यांना घरचे लोक हात लावीत नसत, ते निमूटपणे उचलावेत, हा आमच्या घराचा व्यवहार. लेंडीच्या काठी सोडा घालून भट्टी लागे. कोणाचा कपडा कोणता हे ओळखण्यासाठी कोपऱ्यात बिब्ब्याची खूण केलेली असे. बिब्ब्याचा रस चुन्याशी मिळाला की जो काळा डाग पडतो तो कितीही धुतला तरी जात नाही. आजोबांना अक्षर येत नव्हते. परंतु शेकडो खुणा त्यांना तोंडपाठ होत्या आणि एकाचे धोतर दुसऱ्याच्या घरी गेले असे माझ्या ऐकिवात नाही. परीट दुसऱ्याचे कपडे घालून मिरवतो, अशी एक जुनी थट्टा आहे. ती आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. मीही ऐकली आहे, आणि विद्यार्थ्यांकडूनच नव्हे. आजोबांच्या अंगावर मी आयुष्यभर एकच प्रकारचा वेश पाहिला : गुडघ्यापर्यंतचे धोतर आणि कोपरी. दोन्ही स्वच्छ. घडी मात्र दोन्हींवर कधी नव्हती. जो दिवसभर घड्या घालतो त्याला स्वतःच्या कपड्याची घडी मोडण्यास पाचच मिनिटे पुरतात.

वडिलांच्या काळी कोळशाची पितळी इस्त्री आली. पाच-सहा किलोंचे ते धूड, पोटात धगधगता विस्तव, आणि एखादी ठिणगी उडाली की गिऱ्हाइकाच्या कपड्याला भोक. आमच्या घराची पुढची पडवी म्हणजेच दुकान. आता मला सांगा, घरी बसून काम करणे ही नवी गोष्ट म्हणून गेली काही वर्षे जो गाजावाजा चालला आहे, तो ऐकून आपण काय म्हणावे? आपण पिढ्यान्पिढ्या घरूनच काम करीत आलो. शिंपी घरून काम करतो, विणकर घरून काम करतो, शेजारच्या निजामाबादकडील बाया घरी बसूनच विड्या वळतात. फरक एवढाच की यांपैकी कोणालाही, काम करताना कोणता वेश घालावा, असा प्रश्न कोणी विचारला नाही. तो प्रश्न पांढरपेशा घरी बसला तेव्हा उपस्थित झाला.

तो केव्हा बसला हे आपल्या स्मरणात आहे. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. माझा पुतण्या पुण्यास हिंजवडीला एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. कंपनीने मार्चच्या मध्यासच सर्वांना घरून काम करण्यास सांगितल्यामुळे तो पाडव्याच्या आधीच देगलूरला आला होता. आठ दिवसांसाठी म्हणून आलेला मुलगा दीड वर्ष राहिला. त्याने माडीवरच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडले, आणि बरोबर त्याच्या खाली, पडवीत, त्याच्या बापाचे म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे इस्त्रीचे टेबल. वर काम सुरू आणि खाली बंद.

भावाची गिऱ्हाइके कोण? शिक्षक, बँकेतील मंडळी, वकील, तहसिलातील कारकून. ती सारी घरी बसली. पुढे कचेऱ्या थोड्याथोड्या उघडल्या तरी कपडे बाहेर देण्यास लोक भीत होते. कापडाबरोबर रोग घरात येईल ही धास्ती. माझी भावजय घरोघरी जाऊन गाठोडी आणीत असे. एका घरी तिला फाटकाबाहेरूनच परत पाठविले. ज्या घरच्या बाळंतिणीचे कपडे तिने धुतले होते, तेच ते घर. त्यांचा दोष होता असे मी म्हणत नाही. भय तेव्हा सर्वांच्याच मनात होते. भावाच्या हिशेबाच्या वहीत फाल्गुनाची पाने भरलेली आणि चैत्राचे पान कोरे, एवढेच मी सांगतो.

हात रिकामे राहणे त्याला सहन होत नसे. तो सकाळी जिन्यातून हाक मारी, "अरे, सदरे खाली टाक, इस्त्री तापली आहे." वरून उत्तर येई, "राहू द्या आप्पा, आज कॅमेरा नाही." कधी कधी, "आज एक द्या. सदराच फक्त." भाऊ विचारी, "आणि पँट?" "पँट कोण पाहतो?" अशी परिस्थिती जगभर होती म्हणतात. अमेरिकेतील वॉलमार्ट या प्रचंड दुकानाच्या अधिकाऱ्यांनी त्याच मार्चमध्ये सांगितले होते की, सदऱ्यांचा खप वाढला, विजारींचा वाढला नाही. अर्धा माणूस कचेरीत आणि अर्धा अंथरुणात, असा हा नवा नरसिंहावतार!

एके दिवशी मात्र भावाने जरा जोर धरला. कामाला बसताना मनुष्याने कपडे नीट घालावेत, असे काहीसे तो बोलला असावा. पुतण्या रात्री उशिरापर्यंत जागलेला होता. तो म्हणाला, "आप्पा, मला पगार डोक्याचा मिळतो, घडीचा नव्हे."

भावाने इस्त्रीचे बटण बंद केले. संध्याकाळी तो माझ्याकडे ओट्यावर येऊन बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अण्णा, त्याच्या शाळेची पहिली फी मी घडीच्याच पैशातून भरली होती. हे त्याला सांगायला पाहिजे होते का?"

मला उत्तर देता आले नाही. त्याचे कारण माझ्यापाशीच होते, आणि ते आज समाजापुढे कबूल करावे म्हणून मी हा विषय स्वीकारला. चौतीस वर्षे मी शाळेत परीटघडीचे कपडे घालून गेलो. 'गुरुजींचा पोषाख पाहावा' असे लोक म्हणत. त्यांतला एकही सदरा मी स्वतः इस्त्री केलेला नव्हता. वडील होते तोवर वडिलांनी केला, पुढे भावाने केला. आणि पैसे देण्याचा प्रश्न आपल्या घरात कोठे येतो? शिकलेला मुलगा पांढरपेशा झाला की तो ज्या टेबलावरून वर चढला त्या टेबलाकडे पाठ करून उभा राहतो. पुतण्याने जे तोंडाने म्हटले ते मी चौतीस वर्षे मुकाट्याने आचरीत होतो.

आणि टाळेबंदीत माझी स्वतःची अवस्था काय होती? चुरगळलेला पायजमा, बाह्या नसलेली बंडी, चार-चार दिवसांची दाढी. लातूरला असलेल्या नातीला मी फोनवरून गणित शिकवीत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने पडद्यावर माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही आजारी आहात का?" घरातला वेश हा आपल्या एकट्याचा मामला आहे असे मी समजत होतो. त्या सहा वर्षांच्या मुलीला तो मामला आपलाही आहे असे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या टेबलाशी गेलो आणि इस्त्री मागितली. परीटाच्या घरी जन्मलेल्या पासष्ट वर्षांच्या माणसाने पहिल्याच सदऱ्याच्या बाहीवर दोन घड्या पाडल्या! भाऊ तोंडावर हात ठेवून हसला, किती दिवसांनी हसला, आणि मग त्याने मला शिकविले. कॉलर आधी, तीही टोकांकडून मध्याकडे, मध्यातून टोकाकडे गेल्यास टोकाशी चुणी गोळा होते. नंतर खांदपट्टी, मनगटपट्ट्या, बाह्या, आणि मोठे पट सर्वांत शेवटी. ते आधी केले तर बाकीचे करताना पुन्हा चुरगळतात. सुती कापडाला पाण्याचा हबका पाहिजे. ओलाव्याने सुताचे आतले बंध सैल होतात, उष्णतेने पाणी उडून जाते आणि दाबाखाली सूत ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत ते बंध पुन्हा बसतात. घामाने किंवा दमट हवेने सुरकुती परत का येते, याचेही उत्तर यातच आहे. सुती कापड दोनशे अंशांपर्यंतची उष्णता सोसते. पॉलिएस्टर दीडशेच्या वर नेऊ नये, ते चकाकते किंवा आकसते. कपड्याच्या आतील चिठ्ठीवर इस्त्रीच्या चित्रात एक, दोन किंवा तीन ठिपके असतात, ते हेच सांगतात. मी विज्ञान शिकविणारा मास्तर. परंतु हे प्रकरण मी त्या पडवीत शिकलो. भावाला बंधांचे शास्त्र ठाऊक नव्हते. त्याचा हात मात्र ते जाणत होता.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. घरी काम करणाऱ्याने इस्त्री करावी काय?

माझे मत आपणांपैकी काहींस रुचणार नाही. स्वच्छता ही एक गोष्ट आणि घडी ही दुसरी. या दोहोंची आपण गल्लत करतो, आणि ती करण्यात आपल्या धंद्याचा थोडा स्वार्थही आहे. ज्यांची जयंती आज आपण साजरी करतो ते गाडगेबाबा, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावात आपल्याच ज्ञातीत जन्मले, आणि त्यांनी जन्मभर अंगावर चिंध्या वागविल्या. त्यांच्या वस्त्राला इस्त्रीचा स्पर्श कधी झाला असेल असे मला वाटत नाही. हातात खराटा, जवळ गाडगे, आणि गावात पाऊल टाकताच झाडावयास आरंभ. ज्या जातीने साऱ्या गावाला परीटघडी पुरविली त्या जातीतील सर्वांत थोर पुरुषाने घडी नाकारली आणि स्वच्छता मात्र घरोघर मागितली. याच्या उलट बाजूलाही एक मोठा पुरुष आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी ओळखीची तऱ्हा सोडावी व स्वच्छ राहावे असा उपदेश केला. वेशावरून जात ओळखली जात होती आणि ती ओळख त्यांना पुसावयाची होती. म्हणजे एकाने वेश टाकून दिला आणि दुसऱ्याने वेश बदलण्यास सांगितले. या दोघांत मला विरोध दिसत नाही. दोघेही एकच विचारीत होते, की हा वेश तू कोणाच्या सांगण्यावरून घातला आहेस?

सरकार तर सांगतच असते. त्याच २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढले की कचेरीत जीन्स व टी-शर्ट घालू नयेत आणि आठवड्यातून निदान शुक्रवारी खादी वापरावी. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही वेशासंबंधी तसाच निर्णय निघाला. इतकी आज्ञापत्रे निघूनही, घरातल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला कोणी आज्ञा देऊ शकत नाही. तेथे कपडे घालणारा आणि ते पाहणारा एकच. म्हणून तेथली शिस्त अवघड. माझा अनुभव असा की आंघोळ करून रात्रीचे कपडे बदलावेत आणि कामाचे म्हणून दोन-तीन जोड निराळे ठेवावेत. काम संपले की तेही बदलावेत. दिवसाला आरंभ आणि शेवट नसेल तर काम घरात शिरत नाही, घरच कामात बुडते. पुतण्याचे तेच झाले होते. रात्री दोन वाजताही माडीवर दिवा जळत असे आणि त्याच्या अंगावर सकाळचीच बंडी असे. २०१२ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी, डॉक्टरचा डगला म्हणून दिलेला पांढरा डगला घातल्यावर मनुष्याची एकाग्रता वाढते, असा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे दुसऱ्यांनी तो पडताळून पाहिला तेव्हा तसेच फळ मिळाले नाही. तेव्हा विज्ञानाच्या नावाने मी ठासून काही सांगत नाही. नातीचा प्रश्न मला पुरे आहे.

आणि इस्त्री? ज्या कपड्यास हवी त्यास करावी. ओला सदरा दोन्ही हातांनी झटकून, खांद्यांशी ताणून, खुंटाळ्यावर वाळत घातला तर निम्मी इस्त्री तेथेच होते. घरात घालावयाच्या कपड्याला याहून अधिक काही लागत नाही. हे परीटाच्या व्यासपीठावरून सांगितले म्हणून कोणी रागावू नये. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्या लोकांना सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून येण्यास सांगितले होते. मूळ कल्पना मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी यांच्या ऊर्जास्वराज्याच्या चळवळीची. एका जोडाच्या इस्त्रीस जी वीज लागते तिच्यामुळे सुमारे दोनशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा त्यांचा हिशेब. जपानने तर २००५ पासूनच उन्हाळ्यात गळपट्टा आणि कोट उतरविण्याची मुभा कचेऱ्यांना दिली, का तर थंड हवेची यंत्रे कमी चालावीत. हे विचार मला पटतात. सुरकुतीने मनुष्य उणा होत नाही. माझी तक्रार एवढीच की अशा हिशेबात वीज मोजली जाते, वायू मोजला जातो, आणि टेबलामागे उभा असलेला मनुष्य मोजावयाचा राहून जातो. सोमवार वैज्ञानिकांचा सुटतो. त्या सोमवारी इस्त्रीवाल्याची चूलही पेटावयाची असते.

परंतु म्हणून समाजाने लोकांच्या अंगावर घडी लादून आपला धंदा टिकवावा काय? तसा तो टिकणार नाही. टेरिकॉट आले तेव्हाही वडील म्हणत, आता संपले. संपले नाही. आमच्या या सीमेवरच्या गावात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही ऐकू येते. पलीकडे आपल्याच धंद्याचे लोक चाकलि आणि मडिवाळ म्हणून ओळखले जातात. जवळच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वरांच्या मंडळीत मडिवाळ माचिदेव नावाचे धोबी शरण होते. जे स्वतः कष्ट करून खातात अशा शरणांचीच वस्त्रे आपण धुऊ, असा त्यांचा बाणा होता, अशी कथा आहे. गिऱ्हाइकाची निवड करणारा धोबी! आपल्याला ती चैन परवडणार नाही हे खरे. पण दिलेले गाठोडे मान खाली घालून उचलावयाचे हाच आपला एकमेव इतिहास नव्हे, एवढे तरी त्यावरून कळते.

आज भावाच्या टेबलावर पूर्वीइतके सदरे नाहीत. साड्यांचे रोल प्रेस आहे, लग्नसराईतले शालू आहेत, लॉजच्या चादरी आहेत. आणि पुढारी आहेत! खादीचा पांढरा सदरा, त्याला अशी खळ की तो उभा केला तर उभा राहावा. लोकशाहीचे अन्य उपकार असोत वा नसोत, निवडणुका वरचेवर होतात हा एक उपकार इस्त्रीवाल्याने मान्य केलाच पाहिजे. एवढे करून हा धंदा पुढच्या पिढीत आमच्या घरी राहील असे मला वाटत नाही, आणि राहावा असा हट्टही नाही. आपल्या मंडळास मात्र एक विनंती आहे. मुलांच्या सत्काराच्या दिवशी आपण गुणपत्रिका पाहतो, पेढे वाटतो. त्या दिवशी प्रत्येक मुलाने, मुलगा असो वा मुलगी, बापाच्या टेबलावर उभे राहून स्वतःचा एक सदरा इस्त्री करून अंगात घालून यावे. डॉक्टर होणाराने आणि अभियंता होणाराने तर आवर्जून. माझ्यासारखी पासष्टाव्या वर्षी दुहेरी घडी पाडण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

पुतण्याचे काय झाले, असे आपल्या मनात असेल. त्या प्रसंगानंतर बापलेकांत त्या विषयावर पुन्हा बोलणे झाले नाही. आपल्याकडे ते होतही नाही. शाळेच्या फीची गोष्ट मी त्याला सांगितली, भावास न विचारता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत आलो तो टेबलावर त्याचा सदरा आणि पँट, दोन्ही, स्वतः पाणी शिंपडून, गुंडाळून ठेवलेले. त्या दिवशी कॅमेरा होता की नाही हे मी विचारले नाही. भावाने दोहोंना इस्त्री केली आणि वहीच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मला दाखविले नाही.

आता त्याची कचेरी आठवड्यातून तीन दिवस भरते आणि दोन दिवस तो पुण्याच्या आपल्या खोलीतून काम करतो. त्याने स्वतःची इस्त्री घेतली आहे. गेल्या दिवाळीस तो आला तेव्हा भावाने त्याच्या अंगातला सदरा दारातच पाहिला, दोन बोटांनी कॉलरचे टोक उचलले आणि म्हणाला, "मधून बाहेर गेलास. टोकाकडून आत ये म्हणून किती वेळा सांगितले."